हकिमाच्या गोळ्या

नूरुद्दीनने गोळ्यांची डबी हकिमाच्या पुढ्यात आपटली. "अफू सोडवायला आणला होता भाऊ. तू त्याला अफूच चारतोस?" तो हिंदीतून ओरडला.

म्हाताऱ्या इराणी हकिमाचं कुवेतच्या जुन्या बाजारात बापाच्या वेळेपासून जडीबुटीचं दुकान होतं. सांडलेल्या गोळ्या तो एकेक करून वेचू लागला. नूरुद्दीनचं डोकं आणखीच तापलं.

यूनुस त्याचा धाकटा भाऊ. इराकचा हल्ला झाला तेव्हा जॉर्डनपर्यंत पळताना त्याची पाठ गेली. दुखण्यावर कुणीतरी अफू दिली आणि ती मानगुटीवरच बसली. युद्धानंतर कुवेतला परतल्यावर हकिमाने गोळ्या दिल्या. अट एकच, आत काय आहे ते विचारायचं नाही. हळूहळू यूनुस माणसात आला. शुवैख भागातल्या त्याच्या कामाच्या गॅरेजात पुन्हा गिऱ्हाइकांची टिंगल करू लागला. तिकडे दापोलीला आईने मुलगीसुद्धा हेरून ठेवली.

मग काल शेजारचा झहूर सहज बोलून गेला, "हे इराणी हकीम काट्यानेच काटा काढतात. गोळीत अफूच असते." अर्धवट माहिती आणि सख्ख्या भावाचा राग! विचारायला थांबतो कोण? नूरुद्दीनने त्याच संध्याकाळी यूनुसला फैलावर घेतलं. "सुटलास कसला? रोज अफूच खातोस तू!"

यूनुसचा चेहरा पडला. "मंजे भाय, मी अजून तसाच हाय?"

"तसाच!"

आज सकाळी तो गॅरेजच्या मागे पडलेला सापडला. डोळे अर्धे मिटलेले, तोंडाला तोच जुना वास. आता आणखी पुरावा कशाला हवा?

"अफू होती," हकीम मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "पहिल्या गोळ्यांत. मग दर खेपेला थोडी काढत गेलो, तिच्या जागी दुसरी दवा भरत गेलो. रमजानपासून तर नुसतं पीठ आणि मध. आमच्या जुन्या हकिमांची हीच रीत."

"मग सांगितलं का नाही?"

"आधी कळलं की माणूस घाबरतो, पुन्हा तिकडेच पळतो. पुढच्या खेपेला मीच सांगणार होतो, की बेटा, तू केव्हाच सुटलास." हकिमाने वर पाहिलं. "तुम्ही त्याला काही बोलला नाहीत ना?"

नूरुद्दीन खाली वाकून उरलेल्या गोळ्या वेचू लागला. यूनुसने आयुष्यात कधी भावाचा शब्द खोटा मानला नव्हता.