नव्वदचे नव्वद

मंगळवार, दिनांक चार फेब्रुवारी दोन हजार पंचवीस. तेलंगणातील जैनथ येथील मराठी शाळेची संगणकखोली. भूमितीच्या सॉफ्टवेअरवर आडव्या पायाच्या एका टोकाशी काटकोन असलेला त्रिकोण असा रचायचा होता, की वरचा शिरोबिंदू कसाही ओढला तरी काटकोन मोडू नये. या प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तीर्ण झाल्यास उत्कर्षाला पुढे शिकायला बासरच्या वसतिगृहात पाठवायचे, नाहीतर मामाच्या किराणा दुकानात बसवायचे, असे घरी ठरले होते. तेलुगू सूचनांच्या गर्दीत लंब काढण्याची आज्ञा तिला सापडलीच नाही. म्हणून तिने नजरेच्या अंदाजाने बिंदू सरकवत पडद्यावर नव्वद अंश जुळवून आणले.

“ओढ आता,” गणिताचे देवानंद सर म्हणाले.

तिने वरच्या बाणाची कळ दाबली. बिंदू सरळ वर चढला. नव्वदचे नव्वद राहिले.

“वर तर कोनीबी नेईल, बाई. आता बाजूला ने.”

तिने कळीवरून बोट उचलले. “बाजूला नेला का मोडते, सर. लंबाच्या रेषेवर हाय तोवरच नव्वद राह्यते. म्हून तर वर नेला.”

सरांनी गुणांचा तक्ता पुढे ओढला.

“लंब तुला समजला आहे, उत्कर्षा, काढता आला नाही. नापास.”