डाव्या कानातली फट

डाव्या इअरफोनची रबरी टोपी सैल झाली आणि कानात फट राहिली, तेवढ्यानेच घोटाळा झाला. नीलकंठने चहा घेता घेता समोर बसलेल्या आईला रोजच्यासारखं विचारलं, "आई, कशी आहेस?"

"चाललंय आपलं." उजव्या कानात आई खणखणीत बोलली. डाव्या फटीतून मात्र तेच शब्द धापा टाकत आले. इअरफोनच्या सेटिंगमध्ये घरच्यांचे आवाज कानाला सोसतील असे लावून घेताना तिचं कण्हणं, धापा टाकणं त्यानेच शून्यावर नेलं होतं.

"धाप कधीपासून लागतेय?"

"दिवाळीपासून. रोज अशीच धापा टाकत बोलते, आणि तू म्हणतोस, वा, छान!"

नीलकंठने मान खाली घातली. तेवढ्यात इअरफोन अदबीने म्हणाला, "डावीकडून नको असलेला आवाज येत आहे. कृपया टोपी घट्ट बसवा."