पडद्याखालचे पंख

"दिवा कोणी चालू ठेवला?" सर ओरडले.

तिलारीच्या रानात उन्हं आली तरी आमच्या पांढऱ्या पडद्यावरचा दिवा जळत होता. खाली गवतात ॲटलास पतंगांचे पंख विखुरले होते, एकेक माझ्या पंजाएवढा. बाकीचं कोतवाल पाखरांनी खाल्लं होतं.

रात्री दिव्याला आलेले पतंग बघायचे, मोजायचे आणि उजाडायच्या आत दिवा घालवून एकेकाला अलगद झुडपात ठेवायचं, हे मला सरांनीच शिकवलं. काल ते म्हणाले होते, "पहाटेचं मी बघतो, तू झोप." पहाटे मी खिडकीतून पाहिलं, तर ते पडद्यासमोर खुर्चीत जागेच बसले होते. मी निर्धास्तपणे पुन्हा आडवी झाले.

आता ते पंखांच्या जोड्या लावत होते. "पहाऱ्याला कोण होतं? बोल की!"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"मी होते, सर. दिवा घालवायचं विसरले."

सरांनी हातातले पंख खाली ठेवले. "मग सामान भर," ते म्हणाले. "एवढं ज्याच्या लक्षात राहत नाही, त्याचं जंगलात काम नाही."