आईचा टाका

कुंदामावशींच्या हातात ती क्रोशाची लांब सुई दिसली आणि शर्वाणी दारातच थबकली. ओळभर टाके सुईवर गोळा करायचे आणि परतताना एकेक सोडायचा, हा ट्युनिशियन टाका तिनं फक्त आईच्या हातात पाहिला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मावशी बाबांशी लग्न करून घरात आल्या, त्याला सहा महिने.

"हा टाका कुठे शिकलात?"

मावशी गडबडल्या. "दवाखान्यात. तुझ्या आईच्या वॉर्डात आया होते मी. तिनंच शिकवला."

हे शर्वाणीला कुणीच सांगितलं नव्हतं. "म्हणजे आई असतानाच बाबांची आणि तुमची ओळख होती?"

मावशींनी निळा स्कार्फ तिच्यापुढे ठेवला. "हा तिनंच सुरू केला होता, तुझ्यासाठी. पुरा करायला मला सांगून गेली."

सुरुवातीचे टाके घट्ट, एकसारखे होते. आईचेच. पुढे ते सैल पडत गेले होते. मग दोन वेड्यावाकड्या ओळी, आणि त्यानंतर परक्या हाताची नीटस वीण.

"या दोन ओळी?"

"हात थरथरायचा तिचा. मी वरून धरला होता."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू मघाशी बाबांबद्दल विचारलंस, तेच विचारशील म्हणून."

शर्वाणीचा विश्वास पुरता बसला नव्हता. तरी ती त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला आईनं कधी शिकवला नाही. तुम्ही दाखवा."