नऊ विरुद्ध चार

"नऊ!" घड्याळजी म्हातारा गरजला आणि मुठीतले दात त्याने टेबलावर ओतले. "नीट मोजून घे रे, दातकाढ्या. तुझे किती?"

"चार," डेंटिस्ट पुटपुटला.

होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये जमलेली मंडळी खो खो हसली. डेंटिस्टने प्रत्येक हसणारं तोंड लक्षात ठेवलं. यांतली निम्मी कधी ना कधी त्याच्या खुर्चीत येणारच होती.

दात माणसांचे नव्हेत, शार्कचे. लाखो वर्षांपूर्वी गळून पडलेले, दगड झालेले, काळेशार. ओहोटीला ते किनाऱ्यावर सापडत. दर रविवारी ही मंडळी ते शोधायला निघत आणि गळ्यात शिट्टी अडकवून सर्वांच्या पुढे चालायचा मान तीस वर्षं या म्हाताऱ्याकडे होता. डेंटिस्टला ती शिट्टी हवी होती. इतकी हवी होती, की पेशंटने आ केला तरी आत त्याला शिट्टीच दिसे. शेवटी त्याने भर फेरीत पैज लावली. एक ओहोटी, दोघंच जण. ज्याचे दात जास्त, त्याची शिट्टी.

आणि हरला. तेही कोणाकडून? ज्याला शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत त्याच्याकडून! म्हातारा अनवाणी चालायचा, पाय घाशीत, मान आकाशाकडे. ढोंगी लेकाचा. त्याच्या पुढे वीस पावलांवर त्याची बायको. ही काकू म्हणजे तर निव्वळ अडगळ. खांद्याला कापडी पिशवी, नाव शिंपले वेचायचं, आणि दर चार पावलांवर चपलेतली वाळू झटकायला थांबायची. जन्मात तिला एक दात सापडला नव्हता. डेंटिस्टने आजचे चारही दात या दोघांच्या मधून, म्हाताऱ्याच्या अगदी अंगठ्यापुढून झडप घालून उचलले होते. याला म्हणतात नजर, असं तो दर वेळी स्वतःशी म्हणाला होता.

"चल, बस धुवायला," म्हातारा म्हणाला. "हरलेल्याने जिंकलेल्याचे दात धुवायचे. आपला रिवाज आहे. तुला तर सवयच आहे म्हणा, दुसऱ्याचे दात घासायची."

पुन्हा हशा. डेंटिस्टने पाण्याचं घमेलं पुढे ओढलं आणि पहिला दात बुचकळला. बुडाला चिकटलेली वाळू अंगठ्याने चोळली.

खाली आकडा होता. चारशे बारा.

मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, काळ्या दातावर पांढऱ्या शाईने काढलेली, वर नेलपॉलिशचा पातळ हात. हे अक्षर सगळ्या मंडळींच्या ओळखीचं होतं. सापडलेला दात घरी नेला की म्हातारा त्याच्या बुडावर असा आकडा घाली आणि मग तो कपाटाच्या खणात ठेवी. डेंटिस्टने दुसरा दात चोळला. दोनशे सत्तर. तिसरा, एकशे नऊ.

घरचा माल! खिशात भरून आणलेला! डेंटिस्टला असा आनंद लग्नातही झाला नव्हता. तो उठून उभा राहिला, एक दात म्हाताऱ्याच्या हातात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, याच्या बुडाशी काय आहे, जरा मंडळींना वाचून दाखवा ना."

म्हाताऱ्याने दात नाकाशी धरला. आकडा बरोबर त्याच्या डोळ्यासमोर आला, बोटभर अंतरावर. त्याने दात फिरवला, पुन्हा फिरवला, अंगठ्याने चाचपला.

"वाचायचं काय त्यात? बारीक शंख चिकटलाय. धड धुता येत नाही, आणि मला विचारतोय!" तो उखडला. "दातांतलं तुला कळत नव्हतंच. आता डोळेही गेले का रे?"

डेंटिस्टने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डेंटिस्टच्या कानाच्या जरा पलीकडे कुठेतरी बघत होते.

मग त्याने दाराकडे पाहिलं. काकू पिशवी छातीशी धरून उभी होती. तिने मान हलवली, इतकी हळू, की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. नको.

चपलेतली वाळू! डेंटिस्टच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाई वाळू झटकत नव्हती, दात पेरत होती. आणि हे आंधळं ध्यान मागून तळपायाने चाचपत, ते उचलून, वर आपल्याला अक्कल शिकवत होतं.

त्याला दया वगैरे काही आली नाही. त्याने सरळ हिशेब केला. हे नऊ बाद. उरले माझे चार, खरे, समुद्राचे. शिट्टी माझी. काकूने रडायचं तर खुशाल रडावं.

पुरावा शेजारी शेजारी मांडलेला बरा, म्हणून त्याने आपले चार घमेल्यात टाकले आणि पहिला चोळला.

सहाशे एक.

दुसरा. तिसरा. चौथा त्याने चोळला तो निव्वळ हट्टाने. चारांवरही मुंगीच्या पायाएवढे तसेच आकडे. याला म्हणतात नजर! सबंध ओहोटी फिरून त्याच्या नजरेने टिपलं होतं ते काकूच्या पिशवीतलं.

सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"काय रे, काय वाचून दाखवणार होतास?" म्हातारा म्हणाला. "की वाचा बसली?"

"काही नाही, काका," डेंटिस्ट म्हणाला. "शंखच आहेत. चांगलेच चिकटलेत. खरवडावे लागतील."

त्याने वरच्या खिशातून दातांवरचं कीटण काढायची आकडी काढली, सगळ्यांकडे पाठ करून बसला, आणि आधी स्वतःचे चार घेतले.