अख्ख्या जगात एकच

वॉशिंग मशीनचा पाइप बसवून मशीनवाली उठली, फडक्याला हात पुसले, आणि तिची नजर गेली दाराच्या चौकटीवर. गेली ती तिथंच अडकली. चौकटीवर पेन्सिलीनं ३८१६५ लिहिलं होतं. पाचाची शेपटी बोटभर खाली ओढलेली. रेघ सुताराच्या चपट्या पेन्सिलीची, कुठं जाड, कुठं बारीक.

"तो माझा नंबर आहे," छोटी म्हणाली. पुढचे दोन दात गायब, आणि मघापासून बोलायला नुसती टपलेली. "आज मी सहा वर्षांची झाले. संध्याकाळी पप्पा आले की पुढचा आकडा लिहिणार."

"दर वाढदिवसाला एक?"

झालं, सुटलीच ती. "पहिल्यांदा तीन. मग अडतीस, त्याला दोननं भाग जातो. मग तीनशे एक्क्याऐंशी, त्याला तीननं. मी जेवढ्या वर्षांची, तेवढ्यानं भाग जायलाच पाहिजे. आणि एक ते नऊ सगळे आले पाहिजेत, पण एकेकदाच. मी नऊ वर्षांची झाले की नंबर पूर्ण." तिनं श्वास घेतला. "पप्पा म्हणतात, असा नंबर अख्ख्या जगात एकच आहे. आणि तो फक्त माझा."

"ताईला काम करू दे गं," आतून आईनं हाक दिली.

ताईचं काम केव्हाच थांबलं होतं. तिच्या घरी, तिच्या खोलीच्या चौकटीवर, नऊच्या नऊ आकडे होते. तीच शेपटी, तीच चपटी पेन्सिल. शेवटचा नऊ लिहून पंधरा वर्षं झाली. कॉलेजात असताना तिनं सुट्टीभर बसून असा दुसरा नंबर शोधला होता, बाबांची जिरवायला. नाहीच मिळाला. म्हणजे तेवढं तरी बाबा खरं बोलले होते. आज सकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन निघाले, म्हणाले, साइट लांब आहे, चार दिवस यायचो नाही.

"पुढचा कुठला, सांग बघू," छोटी म्हणाली. "नाहीच येणार तुला."

मशीनवालीनं वर न बघताच चौकटीच्या वरच्या काठावर हात नेला. पेन्सिल तिथंच होती. तिनं पाचाशेजारी चार लिहिला, आणि पेन्सिल होती तिथं ठेवून दिली.

छोटीनं चाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. "सहानं भाग जातो?"

"जातो. त्रेसष्ट हजार सहाशे नऊ."

"तू पण पप्पांसारखाच चार काढतेस."

मशीनवालीनं नट आवळायचे पाने पिशवीत भरले. पिशवीची चेन अडकली, तशीच उघडी ठेवून तिनं ती खांद्याला लावली.

"ए ताई," मागून छोटी म्हणाली, "मग आता संध्याकाळी येऊन पप्पा काय लिहिणार?"