लांबलेलं लग्न

गुलशिरीनचे वडील त्यांच्या देशात तुरुंगमंत्री. कैद्यांच्या छळावरून युरोपने त्यांना प्रवेशबंदी केली आणि लेकीच्या स्वीडनमधल्या, गोथेनबर्गच्या लग्नाला त्यांना येता येईना.

"छळबिळ सगळं खोटं आहे!" ते फोनवर गरजायचे.

"मग तुमच्या तुरुंगातल्या पत्रकारांना सोडा. तोवर लग्न थांबवते," ती म्हणायची. तिने फोन कधी आपटला नाही, की लग्नाची तारीखही काढली नाही.

वसंतात सगळे पत्रकार सुटले. गोथेनबर्गला आलेल्या त्या पत्रकारांना विमानतळावर कडकडून भेटून तिने वडिलांना फोन लावला.

"सोडले गं बाई सगळे! आता तरी तुझ्या युरोपवाल्यांना सांग, बंदी उठवा म्हणून."

"सांगते ना, बाबा. घातली तेव्हाही साक्ष माझीच होती."

म्हाताऱ्याचा आवाज खाली आला, "तारीख काढ, पोरी."